कॅप राऊंडचा लॉगिन पासवर्ड एजंटला देऊ नका, आमच्या घरात काय झालं ते वाचा

यंदा ज्यांची मुलं एमएचटी-सीईटी देऊन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रवेश फेऱ्यांमधून, इंजिनिअरिंगला जाणारेत त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून अमळनेर, चोपडा, पारोळा साईडच्या लोकांसाठी, कारण रिझल्ट लागला की स्टँडजवळ गाळा भाड्याने घेऊन अ‍ॅडमिशन मार्गदर्शनाचं बॅनर लावणारे आपल्याकडे बरेच उगवतात.

माझ्या लहान भावाला इलेक्ट्रिकल पाहिजे होतं आणि जळगावच्या शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजच्या आदल्या वर्षीच्या कटऑफमध्ये तो आरामात बसत होता. तरी अशाच एका सरांनी आमच्या वडिलांना, आप्पांना गाठलं, "चिंता करू नका आप्पा, पोऱ्या मनाच शे" (पोरगा माझाच आहे) म्हणे. फी दहा हजार, भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस विकून आप्पांनी ती दिली. आणि रजिस्ट्रेशन करतानाच त्या माणसाने मोबाईल नंबर स्वतःचा टाकला, म्हणजे ओटीपी त्याला, मेसेज त्याला, पासवर्ड पण त्याच्याकडेच.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रांचची पसंतीक्रमाने यादी, ती पण त्यानेच भरली. आम्हाला हाताने लिहिलेली यादी दाखवली, त्यात जळगाव पहिलं होतं. पोर्टलवर मात्र एक नंबरला पुण्याकडचं एक प्रायव्हेट कॉलेज टाकलेलं आणि ब्रांच सिव्हिल. खरी मेख इथे आहे, पहिल्या राऊंडला पहिली पसंती लागली की सीट ऑटो फ्रीज होते, मग ती घ्या नाहीतर सोडा, पुढच्या कॅप राऊंडमध्ये तुमचं नाव नसतं, बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राऊंडला आणखी चांगल्या सीटसाठी थांबणं, वगैरे काही नाही. पोराचे मार्क चांगले असून काही उपयोग झाला नाही, फार राग येतो अजून. त्या सरांकडे टायपिंगला असलेल्या पोराने नंतर सांगितलं की कॉलेजकडून एका अ‍ॅडमिशनमागे कमिशन ठरलेलं असतं.

जाब विचारला तर म्हणे अजून चाळीस हजार रोख द्या, इलेक्ट्रिकल करून देतो, पावती नंतर. साफ खोटं. ब्रांच बदलायची तर पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आणि जागा रिकामी असेल तरच, आणि डोनेशन घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, प्रायव्हेट कॉलेजची फी पण शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. आम्ही ते पैसे दिले नाहीत. पोलिसात अर्ज दिला तोवर गाळ्याला कुलूप, फोन बंद. भाऊ त्याच कॉलेजला सिव्हिल करतोय, होस्टेलचा खर्च वेगळा.

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या, म्हणजे ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सरकारी कक्षाच्या, साईटवर फुकट बघायला मिळतात, फॉर्म भरायला अडचण आली तर सरकारने नेमलेलं सुविधा केंद्र असतं, तिथे जा. फॉर्म कन्फर्म केल्यावर पोर्टलवरून निघालेली प्रिंट स्वतः काढून चॉईस कोड (प्रत्येक कॉलेज-ब्रांचचा नंबर) एकेक करून तपासा, कोणाच्या वहीतली यादी धरू नका. आणि ज्यांनी आधीच कोणाला लॉगिन देऊन ठेवलाय त्यांनी आज रात्रीच पासवर्ड बदला, नंबर कोणाचा टाकलाय तेही बघा, ऑप्शन फॉर्मची मुदत संपली की हातात काही राहत नाही.