क्यूजीआयएसवर पाणलोटाच्या धुपीचा नकाशा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या आठवड्यात नकाशा हातात घेऊन जलाशयाच्या पाणलोटात फिरलो आणि परत आल्यावर अख्खं गणित नव्याने चालवावं लागलं, म्हणून हे लिहितोय. हे गणित म्हणजे आरयूएसएलई: किती माती धुपेल याचा अंदाज देणारं समीकरण. पाऊस, माती, उतार, आच्छादन आणि मृदसंधारणाची कामं अशा पाच घटकांचा तो गुणाकार.

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरकडे वळलो ते पैशांपायी. विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं आणि नूतनीकरणाचा आकडा ऐकून तो नाद सोडला. फुकटातलं म्हणून धाकधूक होती, पण पाऊस, माती, आच्छादन असे थर दोन-तीन दिवसांत बसले. प्रत्येक थर म्हणजे रास्टर, चौकोनी पेशींच्या जाळीत मांडलेले आकडे. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये त्यांचा गुणाकार केला की नकाशा तयार. एवढंच सांभाळा: उंचीचा रास्टर अक्षांश-रेखांशात ठेवून उतार काढू नका. आडवं माप अंशांत, उभं मीटरमध्ये, त्यामुळे साधं माळरानही कड्यासारखं उभं दिसतं. आधी यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा.

खरा छळ केला तो एलएसने, म्हणजे उताराची लांबी आणि तीव्रता धरणाऱ्या घटकाने. मूळ समीकरण 22.13 मीटर लांब, 9 टक्के उताराचा वाफा प्रमाण धरून बेतलेलं आहे. आपण मात्र 30 मीटरच्या पेशींच्या रास्टरवरून प्रवाह-संचय (वरच्या किती पेशींचं पाणी एका पेशीत येतं तो आकडा) काढतो आणि तोच उताराच्या लांबीच्या जागी टाकतो. नाल्याच्या तळातल्या पेशीत वरच्या हजारो पेशींचं पाणी येतं, म्हणजे सूत्राच्या लेखी तिथला उतार काही किलोमीटर लांब! म्हणून प्रत्येक नाला लालभडक. तो नकाशा मी महिनाभर खरा मानला, कारण नाल्यात धूप जास्त हे मनाला सहज पटतं.

सगळ्यात लाल पेशीवर जाऊन उभा राहिलो, तर पायाखाली नुसता कातळ. वाहून जायला तिथे माती होतीच कुठे? आणि तिथून हाकेच्या अंतरावर, नकाशाच्या हिरव्या भागात, रस्त्याच्या मोरीखाली कमरेएवढी घळ. झाडाची मुळं उघडी पडलेली, काठाला हात लावला की ढेकळं सुटत होती. एक पेशी 900 चौरस मीटरची, तिच्यात दोन मीटर रुंदीची घळ कुठून दिसणार? दिसली असती तरी हे समीकरण चादरी (पातळ थराने होणारी) आणि ओघळी (बारीक ओघळींतून होणारी) धूपच मोजतं. घळी आणि नाल्यांचे ढासळते काठ त्याच्या हिशेबातच नाहीत.

तोवर माझा राग सॉफ्टवेअरवर होता. तो मागे घेतो. प्रवाह-संचयाला चार पेशींची, म्हणजे सुमारे 120 मीटरची मर्यादा घातली, नाले आणि जलाशयाचं पाणी वगळलं. लाल रंग नाल्यांतून उठून वरच्या उघड्या, नांगरलेल्या उतारांवर गेला. ते उतार मी पाहून आलो होतो, पावसाने पाडलेल्या बोटभर रुंदीच्या ओघळींसकट. स्क्रीनवर तेच उमटलेलं पाहून फार बरं वाटलं.

तरीही हेक्टरी टनांचा आकडा अहवालात 'जलाशयात येणारा गाळ' म्हणून लिहू नका. सुटलेल्या मातीतली बरीच वाटेतच, उताराच्या पायथ्याशी आणि बांधाआड थांबते. कोणत्या उपपाणलोटात आधी काम करायचं, हा क्रम लावायला मात्र हा नकाशा मी बेलाशक वापरीन.

घळींसाठी उपग्रहचित्रावरून हाताने वेगळा थर काढतोय. मोरीखालची घळ त्यात पहिली.