ई पीसीचा वाय-फाय हॉटप्लग ड्रायव्हर: एक परीक्षण

लिनक्स कर्नलमध्ये (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात) आसुसच्या ई पीसी या छोट्या लॅपटॉपांसाठी ‘ईपीसी-लॅपटॉप’ नावाचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारा प्रोग्राम, आहे. त्याचे लेखक म्हणून कोरेंटिन शारी आणि एरिक कूपर यांची नावे नोंदवलेली आहेत. पडद्याचा उजेड, पंख्याचा वेग, कळफलकावरच्या खास कळा अशी बरीच कामे तो करतो. येथे मात्र मी त्यातील वाय-फायच्या हॉटप्लगपुरताच, म्हणजे यंत्र चालू असताना कार्ड काढण्या-जोडण्यापुरताच, विचार करणार आहे, कारण विक्षिप्त फर्मवेअरशी (यंत्रातच बसवलेल्या मूलभूत सॉफ्टवेअरशी) ड्रायव्हरने कसे वागावे याचा इतका आटोपशीर आणि वाचनीय नमुना माझ्या पाहण्यात फारसा आलेला नाही.

आधी अडचण समजून घ्यायला हवी. बहुतेक लॅपटॉपांवर वाय-फाय बंद केले की फक्त रेडिओ थांबतो आणि कार्ड पीसीआय एक्स्प्रेस बसवर (यंत्रातील भाग जोडणाऱ्या मार्गावर) जागच्या जागी राहते. २००७ मध्ये आलेल्या ७ इंची ई पीसी ७०१ वर आणि तिच्या पाठोपाठच्या अनेक मॉडेलांवर तसे होत नाही. तेथे फर्मवेअर कार्डच बसवरून नाहीसे करते. कार्ड आत स्क्रूने घट्ट बसवलेले असते, पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने ते कोणीतरी उपटून नेलेले असते. ही गोष्ट वाय-फायच्या ड्रायव्हरला कळली नाही, तर तो नसलेल्या कार्डाचे रजिस्टर (माहितीचे छोटे कप्पे) वाचत राहतो, प्रत्येक वाचनात सगळे बिट १ असलेली संख्या त्याच्या हाती येते आणि तिलाच तो खरी माहिती समजून पुढे चालतो. वाय-फाय पुन्हा सुरू केल्यावर कार्ड परत येते ते कोऱ्या पाटीने; त्याला मेमरीतील पत्ते नव्याने नेमून द्यावे लागतात.

अशा येण्याजाण्यासाठी कर्नलमध्ये ‘पीसीआयईएचपी’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे, पण स्लॉटने (कार्ड बसवायच्या जागेने) स्वतःला हॉटप्लगयोग्य म्हणून जाहीर करावे आणि फर्मवेअरने ताबा रीतसर ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवावा, अशी त्याची अपेक्षा असते. ई पीसीवर सुरुवातीच्या काळात लोक तो सक्तीची सेटिंग देऊन चालवत असत. पुढे हे काम लॅपटॉपच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे आले, आणि ते योग्यच झाले, कारण एका यंत्राचा विक्षिप्तपणा सर्वांच्या सामायिक कोडमध्ये घुसवण्यापेक्षा त्या यंत्राच्या ड्रायव्हरमध्येच बंदिस्त ठेवणे केव्हाही श्रेयस्कर असते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. वाय-फायची स्थिती बदलली की फर्मवेअर एसीपीआय या ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलण्याच्या ठरीव पद्धतीमार्फत ‘बस तपासा’ अशी सूचना पाठवते. ही सूचना मॉडेलनुसार वेगवेगळ्या ठिकाणी येऊ शकते, म्हणून ड्रायव्हर पी०पी५, पी०पी६ आणि पी०पी७ अशा तीन नोडांवर (फर्मवेअरने नावे दिलेल्या ठिकाणांवर) कान देऊन बसतो आणि दुसऱ्या कोणत्याही प्रकारची सूचना आली तर तिच्याकडे लक्ष देत नाही. सूचना मिळाल्यावर वाय-फाय अडवलेले आहे की खुले, याविषयी फर्मवेअर काय सांगते ते तो पाहतो. साधा ड्रायव्हर एवढ्यावर विश्वास ठेवून कार्ड काढायला किंवा जोडायला लागला असता. हा मात्र त्या बसवरील शून्य क्रमांकाच्या जागी जाऊन उत्पादकाचा ओळख क्रमांक स्वतः वाचतो. उत्तरात बत्तीसही बिट १ आले, तर तेथे कोणी नाही. दुसरे काहीही आले, तर कोणीतरी आहे. वाय-फाय अडवलेले असेल तर जागा रिकामी हवी आणि खुले असेल तर भरलेली हवी. हा ताळा जुळला नाही, तर बायॉस (म्हणजे हेच फर्मवेअर) काय म्हणते आणि पीसीआय उपकरण प्रत्यक्षात आहे की नाही, या दोन्ही गोष्टी लॉगमध्ये नोंदवून, या मॉडेलला हॉटप्लग बहुधा लागू नसावे असे सांगून ड्रायव्हर कशालाही हात न लावता मागे सरतो.

या भागाचे मोल माझ्या मते सर्वांत जास्त आहे. नव्या मॉडेलांपैकी काहींवर वाय-फाय कार्ड ड्रायव्हरच्या अपेक्षेप्रमाणे येत-जात नव्हते, आणि वाय-फाय बंद करायला जावे तर वायरचे नेटवर्क कार्डच सिस्टीममधून बाहेर पडत असे. १००५एचए, १२०१एन आणि १००५पीई या तीन मॉडेलांसाठी ड्रायव्हरमध्ये हॉटप्लग बंद ठेवणारी वेगळी यादीही आहे, आणि सध्याचे कोड भलतेच उपकरण काढून टाकत असल्याचे दिसते, अशी स्पष्ट टीप तिच्याशेजारी लिहिलेली आहे. यादीत केवळ माहीत झालेली यंत्रे येतात. जे मॉडेल अजून कोणी तपासलेलेच नाही, त्याच्या मालकाला ओळख क्रमांकाची ही एक तपासणीच वाचवते.

निद्रावस्थेची हाताळणीही तितक्याच काळजीने केलेली आहे. हायबरनेशनमधून (मेमरी डिस्कवर जतन करून यंत्र पूर्ण बंद करण्याच्या अवस्थेतून) परतताना जतन केलेली स्थिती आणि कार्डाची खरी स्थिती वेगळी असू शकते, म्हणून वाय-फायची स्थिती आणि स्लॉट दोन्ही पुन्हा तपासले जातात. झोपी जाण्याच्या तयारीत फर्मवेअर वायरलेसचा दिवा विझवते आणि हायबरनेशन अर्ध्यावर रद्द झाले तर तो तसाच विझलेला राहण्याची भीती असते; ड्रायव्हर अशा वेळी त्याला स्वतःहून पूर्वस्थितीवर आणतो. दिवा किरकोळ वाटेल, पण वाय-फाय चालू आहे की नाही हे वापरणारा माणूस त्याच्याकडे पाहूनच ठरवत असतो.

उणिवाही सांगायला हव्यात. ओळख क्रमांकाची तपासणी जागेवर कोणीतरी आहे एवढेच सांगते, ते वाय-फाय कार्डच आहे याची खातरजमा करत नाही. अपवादांची यादी मॉडेलच्या नावातील अक्षर न् अक्षर जुळण्यावर अवलंबून आहे, त्यामुळे जवळच्या नावाचे भावंड तिच्यातून निसटते. हॉटप्लग बंद करण्यासाठी पॅरामीटर (वापरणाऱ्याने बदलायची सेटिंग) दिलेला असूनही लॉगमधील इशाऱ्यात त्याचा उल्लेख नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, कारण अडचणीत सापडलेला माणूस प्रथम लॉगच वाचतो.

पुढच्या ‘ईपीसी-डब्ल्यूएमआय’ या ड्रायव्हरने हीच रीत उलटवली. तेथे हॉटप्लग मुळात बंद असते आणि १०००एच सारख्या ज्या मॉडेलांना त्याची गरज आहे, त्यांच्यासाठीच सुरू होते. चुकीचे उपकरण काढले जाण्यापेक्षा हॉटप्लग न होणे कमी नुकसानीचे असल्यामुळे मला हा निर्णय अधिक पटतो. मात्र जुन्या ड्रायव्हरवर तो आता लादू नये. ७०१ सारखी जी यंत्रे त्याच्या भरवशावर नीट चालली आहेत, त्यांचे वाय-फाय त्यामुळे बिघडेल.

जुनी ई पीसी अजून वापरात असेल तर या ड्रायव्हरची शिफारस मी निःशंकपणे करेन. वाय-फाय बंद करताच वायरचे नेटवर्कही जात असेल, तर ड्रायव्हर लोड करणाऱ्या मॉडप्रोब या साधनाच्या सेटिंगमध्ये ‘हॉटप्लग डिसेबल्ड’ हा पॅरामीटर १ करून मॉड्यूल (म्हणजे हा ड्रायव्हर) पुन्हा लोड करावे. चालू मॉड्यूलमध्ये तो बदलता येत नाही.