स्क्रीन काळी झाली तेव्हाच नेट तोडायला हवं होतं

88,508 रुपये. बाबांच्या पेन्शनच्या खात्यातून चार वेळा मिळून गेले: 10, मग 24,999, पुन्हा 24,999, आणि शेवटी 38,500. आकडे पूर्ण लिहितेय, कारण बँकेतल्या माणसाने "लाखाच्या आतच आहे ना" म्हणून ते उडवून लावले.

केवायसीवाले, पार्सलवाले, लिंक पाठवणारे, हे सगळे प्रकार मला ठाऊक आहेत आणि बाबांनाही. पण इथे भामट्यांनी आम्हाला फोन केला नव्हता. मीच त्यांना केला होता.

बाबांच्या कॉम्प्युटरचं काही अडलं की मी माझ्या घरून क्विक असिस्टने, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून हाताळायच्या विंडोजच्या सोयीने, जोडून घेते. कोड मी देते, ते टाकतात, की काम सुरू. या वेळी त्यांच्याकडे कोड टाकायची जागाच येईना, नुसतं गोल फिरत राहायचं. विंडोजची तशीच दुसरी सोय, रिमोट डेस्कटॉप, तिचा प्रश्नच नव्हता. विंडोजची होम आवृत्ती बाहेरच्याला तसं आत घेतच नाही, आणि घेत असती तरी त्यासाठी राउटरवर 3389 पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडा ठेवायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. राउटर बंद-चालू केला, फायरवॉल बघितली, अपडेट टाकले. शेवटी वैतागून विंडोजच्या हेल्पलाइनचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला आणि बाबांनाही त्याच कॉलवर घेतलं. शोधात वर येणारा नंबर ही पैसे भरून लावलेली जाहिरात असू शकते. नंबर घ्यायचा तर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन घ्या.

आता जे म्हणतात "इतकी शिकलेली आणि फसली", त्यांनी पुढचं नीट वाचावं. त्या माणसाला काम येत होतं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कॉम्प्युटरवर तारीख काय दिसतेय?" बाबांनी बघितलं तर वर्षच चुकलेलं. तारीख इतकी मागे असली की सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि जोडणी होत नाही, हे त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. बाबांनी तारीख बदलली आणि क्विक असिस्टची खिडकी उघडली! माझ्या डोळ्यांदेखत दुरुस्ती करणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

तिथेच फोन ठेवला असता तर विषय संपला होता. पण तो म्हणाला, तारीख आपोआप बदलत नसते, आत कुणीतरी आहे. त्याने बाबांना इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक नोंदवही, उघडायला लावला आणि लाल खुणा मोजायला सांगितल्या. धडधाकट कॉम्प्युटरवरही तिथे लाल खुणा असतातच. पण बाबा मोजताना इतके घाबरले की त्यांच्या आवाजापुढे मला दुसरं काही सुचेना. मग त्याने दुसरं रिमोट ॲप घ्यायला लावलं, कॉम्प्युटरवर आणि "राउटर तपासायला" मोबाइलवरही. नोंदणीचे 10 रुपये नेटबँकिंगने. "काका, फोन पालथा ठेवा, स्पीकरचा आवाज नीट येतो." बाबांनी पालथा ठेवला. त्या पालथ्या फोनवर ओटीपी येत होते, आणि ते वाचत होता तो.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, स्क्रीन पूर्ण काळी झाली."

आणि मी म्हणाले, "थांबा बाबा, ते परवानगी मागत असेल."

हा क्षण डोक्यातून जात नाही. क्विक असिस्टमध्ये विंडोजने ॲडमिनची परवानगी विचारली की स्क्रीन काळी होते, हे मी कितीदा अनुभवलंय. पण ती काळी होते मदत करणाऱ्याच्या बाजूला! कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला तेव्हा समोर 'होय-नाही'ची चौकट दिसते. बाबांना काहीच दिसत नव्हतं, म्हणजे पलीकडच्याने मुद्दाम पडदा टाकला होता. काही रिमोट ॲपमध्ये ती सोय असते. मला जे अर्धं माहीत होतं, त्यानेच मला गप्प बसवलं. तुमच्यासमोरची स्क्रीन काळी झाली तर विचारत बसू नका. राउटरची वायर उपटा आणि मोबाइलचा डेटा बंद करा.

बाबांनी फोन सरळ करून मेसेज बघितले तेव्हा 24,999 च्या दोन्ही रकमा गेल्या होत्या. माझ्या फोनच्या नोंदीप्रमाणे मी 4:41 ला बँकेला फोन लावला. भाषा निवडा, खातं निवडा, कर्जाची योजना ऐका, मग संगीत. 38,500 गेले 4:47 ला, मी रांगेत असताना! तक्रार क्रमांक मिळाला 4:58 ला. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं होतं की ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं. बँक म्हणते, कळवलं 4:58 ला. म्हणजे तुमच्या संगीताचे पैसे आम्ही भरायचे? शाखेत गेलो तर फॉर्मवर 'ओटीपी दिला' यापुढे खूण करा म्हणाले. दिला नाही, चोरला, असं सांगितलं तर तसा रकाना नाही म्हणे.

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. कॉम्प्युटर एका हद्दीत, मी दुसऱ्या, खात्याची शाखा तिसऱ्या, मग गुन्हा कुठला? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी बोलले तर "मॅडम, तुम्हीच तपास करा" असं उत्तर मिळालं. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना बाकावर बसवून ठेवलं आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून आणा म्हणून परत पाठवलं. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. हे ना बँकेने सांगितलं, ना ठाण्यात. रात्री भाच्याने सांगितलं, तोवर त्या रकमांची गिफ्ट व्हाउचर वापरूनही झाली होती. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये जतन करा, आईवडिलांच्याही. रिमोट ॲप नुसतं बंद करून भागत नाही, काढून टाका, कारण पुन्हा आत यायचा पासवर्ड त्यात लावून ठेवलेला असू शकतो. आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून.

तारीख का चुकत होती? मदरबोर्डवरची बटणाएवढी सीआर2032 बॅटरी संपली होती. बदलली, झालं.

आता बँकेकडे माझ्या त्या कॉलची नोंद लेखी मागितलीय, मी रांगेत कधी आले ती वेळ दाखवणारी. अजून दिलेली नाही. तक्रारीला 30 दिवस झाले आणि उत्तर आलं नाही की 38,500 साठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करणार आहे. कागद तयार आहेत.