माफी आणि हक्कसोड

कोकणात भावाने बहिणीला दुखावलं की तिच्याकडे दोन गोष्टी एकाच दमात मागितल्या जातात: झालं गेलं विसर, आणि इथे सही कर. या दोन्ही एक नाहीत.

हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, समजायला सोपं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, मग फेरफार, मग सातबारावरून नाव कमी. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तो अशा एका सहीत जातो.

माफीचं तसं नाही. माझ्या आईने राजापूरजवळच्या माहेरच्या कलमांच्या बागेवरचा हक्क मन मारून सोडला. त्यानंतर 11 वर्षं गणपतीला ती त्या घराची पायरी चढली नाही. कागद पुरा झाला, मनातलं तसंच राहिलं.

मावशीने सही दिली नाही. तिचं नाव आजही सातबारावर आहे. पण मामा अंथरुणाला खिळला तेव्हा रोज सकाळी पेजेचा डबा घेऊन तीच जायची. मी विचारलं तर म्हणाली, "त्याने केलं ते वाईटच केलं गो. पण त्याचं वाईट व्हावं असं आता मला वाटत नाही." मला खरी माफी तिथे दिसली, सहीच्या कागदावर नाही.

म्हणून कुणी "मन मोठं कर" म्हणालं की आधी विचारावं, मन हवंय की जमीन?

यंदा आईनेच मामाला फोन केला. बागेचा विषय निघाला आणि दोघंही रडली.