ट्रम्पेटवरची ओठांची ठेवण: मोडून नव्याने की हळूहळू?

"सर, मग वाजवणं बंदच करायचं का?" ट्रम्पेट शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या आईचा प्रश्न. त्याची ओठ टेकवण्याची पद्धत, म्हणजे ठेवण, बदलायला हवी असं मी सांगितलं होतं. मुलाच्या माउथपीसची, म्हणजे ट्रम्पेटच्या ओठांना लावायच्या भागाची, वरची कड थेट ओठाच्या लाल भागावर टेकते. उंच सूर लागेना की तो ट्रम्पेट दाबतो. वाजवून झालं की ओठावर गोल वळ उठलेला दिसतो.

पहिला मार्ग म्हणजे जुनी ठेवण सोडून देणं. आरशासमोर नुसत्या माउथपीसवर ओठ थरथरवून भुणभुण, मग खालच्या पट्टीत लांब, हलके सूर. रोज 10-10 मिनिटं, मध्ये तेवढीच विश्रांती. सुरुवातीला आवाज फाटतो, कालपर्यंत येणारा सूर येत नाही. पोरं इथेच रडकुंडीला येतात, म्हणून शिक्षक जवळ हवा. काही महिने कार्यक्रम विसरायचे. पण दुरुस्ती टिकते.

दुसऱ्या मार्गात सकाळी ताज्या ओठांनी नवी ठेवण, संध्याकाळी बँडमध्ये नेहमीचं वादन. मन खचत नाही, पण दमलेले ओठ जुन्या जागी परततात.

खर्च दोन्हीकडे शिकवणीचाच. नव्या माउथपीसने ठेवण सुधारत नाही.

दाबाची सवय मी कधीच हलकी घेत नाही. 1930च्या दशकात ओठाच्या दुखापतीमुळे प्रसिद्ध अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगना काही महिने थांबावं लागलं होतं.

कड लाल भागावर असेल किंवा ओठ दुखत असेल, तर पहिला मार्ग, तोही पावसाळ्यात. फक्त गाल फुगत असतील, किंवा लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर घर चालत असेल, तर दुसरा. या मुलासाठी मी पहिलाच सांगितला.