घरघर शोधायची कशी: प्लग काढत की हात लावत?

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) लावलं की तानपुऱ्यामागे घरघर यायची. कोल्हापुरात, जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात, तानपुरा असा गढूळ ऐकणं मला सहन होईना.

एक वाट म्हणजे एकेक प्लग काढत जायचं. फ्रिज, राउटर, दिव्याचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण). मध्येच टकटक किंवा किरकिर येत असेल तर हीच वाट बरी. फ्रिज सुरू होताना स्पीकरमधून 'टक' आलं की चोर सापडलाच. पण सलग, जाड 50 हर्ट्झचा (घरच्या विजेच्या वारंवारतेचा) गुंजारव असेल तर अख्खी दुपार जाते.

त्यापेक्षा टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला बोट लावून बघा. आवाज बदलला तर संशय अर्थच्या वायरवर घ्यायचा. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डबीतून) जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात, फोनो प्रीअँप (अँपच्या आधी आवाज वाढवणारा भाग) ते शंभरेक पट वाढवतो, त्यामुळे घरघर यायला सैल जोडणीही पुरते. आमच्याकडे मागच्या स्क्रूखालचं अर्थच्या बारीक वायरीचं टोक काळवंडलं होतं. ब्लेडनं खरवडून आवळलं आणि घरघर जवळजवळ गेली. उरलेली, टर्नटेबल अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब सरकवल्यावर थांबली.

म्हणून मी म्हणेन, आधी बोट, मग प्लग. थ्री-पिनची अर्थ पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. जिवाशी खेळ आहे तो.