राइडिंग मोअरला पेट्रोल पोचत नाही: कार्बोरेटर साफ करायचा की नवा बसवायचा?

गवताचा हंगाम सुरू झाला, कित्येक महिने उभा असलेला मोअर (वर बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र) बाहेर काढला, सेल मारला, इंजिन दोनदा खाकरलं आणि गप्प बसलं. पुढचा प्रश्न ठरलेला: कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलून साफ करावा की नवाच मागवावा? दोन्हींत काय मिळतं आणि काय जातं ते पुढे सांगतोच, पण त्याआधी पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय का, हे बघा. पाईप चोंदलेला असताना बिचारा कार्बोरेटर बदलला गेल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की हे आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंजिन थंड असू द्या, काम उघड्या जागेत करा, आसपास विस्तव नको. एअर फिल्टर काढून आत कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि सेल मारा. इंजिन क्षणभर चालून पुन्हा बंद पडलं, तर स्पार्क होतोय, कमी पडतंय ते पेट्रोल. आता प्लगच्या वायरी काढून बाजूला ठेवा, कार्बोरेटरकडे येणारा पाईप सोडवून बाटलीत धरा आणि काही सेकंद सेल मारा. पंप असलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवं. पंप नसेल आणि टाकी वर असेल, तर संथ पण सलग धार लागायला हवी.

धार चांगली असेल तर दोष कार्बोरेटरमध्ये. थेंबथेंब येत असेल तर कार्बोरेटरला हातही लावू नका, मागे मागे टाकीकडे जा.

त्या वाटेवरचे दोष बहुतेक स्वस्तातले आहेत. मोअर पंधरा-वीस मिनिटं छान चालतो, मग दम कोंडल्यासारखा बंद पडतो आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा चालू होतो? झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. फिल्टर जुना असेल तर सरळ बदला, फक्त त्यावरचा बाण इंजिनकडे ठेवा. पाईप मात्र फसवतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रबरी पाईपचा आतला थर सुटून पेट्रोलची वाट अडवतो. कापून पाहिल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून जुना पाईप मी तपासत बसत नाही, बदलतो.

पंपाबाबत दुरुस्ती की नवा, हा प्रश्न मला पडत नाही. यातले बरेच पंप इंजिनच्या क्रॅंककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर चालतात. एक बारीक नळी तो दाब पंपापर्यंत आणते, तिला चीर गेली तरी पंप मेल्यासारखा वागतो, तेव्हा ती आधी बघा. नळी ठीक असेल तर पूर्ण पंप नवा घ्या. पंपातला लवचिक पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला तर पेट्रोल त्याच नळीतून इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. दोष दुरुस्त करून ऑइल बदला, मगच सेल मारा. कार्बोरेटरची फ्लोट निडल (पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी सुई) नीट बसत नसेल तरी हेच घडतं.

आता कार्बोरेटर. खोलण्याआधी एकच काम: कार्बोरेटरखालच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या तळाशी वायर जोडलेला सोलेनॉइड (विजेवर दांडी मागे ओढणारा भाग) असेल तर चावी ऑन केल्यावर 'टक्' असा आवाज येतो का ते ऐका. आवाज नाही, म्हणजे त्याला करंट मिळत नाही किंवा तो गेलाय. मग त्याची दांडी मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला भाग) बंद ठेवते आणि दोष विनाकारण कार्बोरेटरवर येतो.

वाटी उतरवली की निर्णय बराचसा तिथेच होतो. तळाशी पिवळसर, चिकट, जुन्या वॉर्निशसारख्या वासाचा थर असेल तर ते शिळ्या पेट्रोलचं काम आहे, आणि ते साफ होतं. मेन जेट काढून उजेडासमोर धरा. भोकातून स्वच्छ गोल उजेड दिसायला हवा. वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने ते मोकळं करा. ड्रिल किंवा टणक सुई घातली तर भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. बारीक वाटांमध्ये क्लीनर मारून दुसऱ्या टोकाने फवारा बाहेर येतो का बघा. इंजिन फक्त चोकवर चालत असेल किंवा आवाज सतत वर-खाली होत असेल, तर बहुधा यातलीच एखादी वाट अजून बुजलेली आहे.

उलट, वाटीत पांढरी भुकटी आणि धातूला खड्डे दिसले, तर आत पाणी साचून राहिलं होतं. 10 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं, जास्त झालेलं पाणी इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं आणि धातू खातं. तो कार्बोरेटर धुऊन सुधारत नाही. थ्रॉटलचा (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा हाताला लटलटत असेल तरी तेच, कारण तिथून हवा आत शिरते. अशा वेळी नवाच घ्यावा.

साफसफाईला एक दुपार आणि गॅस्केट-निडलचा किट लागतो, पण इंजिनसाठी नेमके मोजलेले मूळ जेट तुमच्याकडेच राहतात. नवा कार्बोरेटर तासाभरात बसतो. मूळ कंपनीचा महाग, दुसरा स्वस्त, पण त्या स्वस्तातल्याचे जेट किंवा लिंकेजची (थ्रॉटलला जोडणाऱ्या दांड्यांची) भोकं थोडी जरी वेगळी निघाली तर इंजिन हंटिंग करत राहतं, म्हणजे त्याचा वेग सतत वर-खाली होतो. म्हणून कार्बोरेटर मोअरच्या नावावरून मागवू नका, इंजिनवर कोरलेल्या मॉडेल क्रमांकावरून मागवा. माझा कौल सरळ आहे: धातू शाबूत असेल तर किट घालून जुनाच ठेवा, धातू खाल्लेला असेल तर मूळ कंपनीचा नवा. गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा कोणत्या भोकात आहेत याचा फोटो दोन्ही वेळी आधी काढून ठेवा.

टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र दोन्ही वेळी पूर्ण काढा, तळ कोरडा पुसा आणि ताजं भरा. नाहीतर तोच कचरा आठवड्याभरात पुन्हा जेटमध्ये येऊन बसतो.